सात डावी वळणं

९ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा अंगावर पडले. सातपैकी पाच वळणांवर.

डावं वळण आलं की हे उजवीकडे, म्हणजे माझ्यावर. डोकं माझ्या खांद्यावर, सगळं धूड दंडावर, आणि त्याच दंडाने मी स्टेअरिंग फिरवायचं! काटा विसाच्या वर जाऊ देत नाही. मागचे लोक हॉर्न वाजवून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. पण वीस काय नि चाळीस काय, हे पडतातच.

ऑगस्टमध्ये यांची उजवी बाजू गेली, सोबत वाचाही. आता 'हं' म्हणतात आणि काही अर्धेमुर्धे आवाज. सोमवारी नि गुरुवारी टेकडी उतरून खाली थेरपीच्या केंद्रात न्यायचं. केंद्र फुकट, म्हणून बाहेर ही रांग. तीन खाडे झाले की नाव कापतात — तांबड्या अक्षरांत भिंतीवरच लिहिलंय. आमचे दोन झालेत. दोन्ही वेळा मीच घाबरून अर्ध्या रस्त्यातून गाडी मागे वळवली. आणखी एक झाला की संपलं. मग हात नाही, बोलणं नाही, जे आहे तेच शेवटपर्यंत.

गाडी एकोणीस वर्षांची, दोन दरवाजांची. यांना मागच्या सीटवर घालायचं म्हणजे पलंग खिडकीतून आत घेण्यासारखं आहे. वळणावर गाडी अशी कलते की मीही दाराला चिकटते. तीस वर्षं या माणसाने अख्ख्या वस्तीच्या गाड्यांखाली झोपून स्प्रिंगा नि शॉकॲब्सॉर्बर बदलले, आणि घरची गाडी तशीच डुलत राहिली. दिव्याखाली अंधार.

१२ जानेवारी, गुरुवार

गाडीचा सीटबेल्ट कधीचा तुटलाय, म्हणून सीट कव्हरची पट्टी घेऊन यांना सीटला बांधलं. दुसऱ्या वळणाआधी यांनी डाव्या हाताने सोडली. पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. केंद्र येईपर्यंत भांडण. बोलत मी एकटीच होते.

१५ जानेवारी, रविवार

बारातेरा भावजी आले होते. यांचे जुने जोडीदार. खिशात कायम बारा-तेराचा पाना, म्हणून नाव पडलं ते पडलं. गॅरेज बंद झाल्यापासून बसच्या डेपोत लागलेत. रविवारी येतात, यांच्याजवळ अर्धा तास गप्प बसतात.

मी म्हटलं, "भावजी, ही गाडी वळणावर कलायची थांबली पाहिजे. कमीत कमी खर्चात. मला सांगा, मी करते."

"तुम्ही?"

"का, हात नाहीत मला? तीस वर्षं याच गॅरेजात बसून सीटा शिवल्यात. पाने ओळखते मी सगळे."

त्यांनी डोकं खाजवलं. म्हणाले, आधी फुकटातलं करा. टपावरचा कॅरिअर काढा, वरचं वजन गाडीला ओढतं. डिकीतला पसारा काढा. चाकांत हवा नीट भरा. मग खालच्या सांध्यांतली रबराची बुशं बदला, ती आता चघळून टाकल्यासारखी झाली असतील. आणि जमलं तर भंगारातून जाड अँटी-रोल बार आणा. म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा. एक बाजू दबायला लागली की दुसरीला धरून ठेवतो.

जाताना दारात थांबले. "वहिनी, विसाच्या वेगात एवढी गाडी कलत नाही हो. रोग रेड्याला नि औषध पखालीला असं नको व्हायला."

म्हटलं, "तुमच्या अंगावर माणूस पडत नाही दर वळणाला. माझ्या पडतो."

चपला घालून निघून गेले. मला नंतर वाईट वाटलं. वाईट नंतरच वाटतं मला, हा जन्माचा दोष.

१६ जानेवारी, सोमवार

काल कॅरिअर काढला. डिकीतून काय काय निघालं: दोन जॅक, साखळी, अर्धं पोतं जुने बोल्ट, यांचा एक बूट. हवा भरली. गाडी जरा हलकी वाटली. हे तरीही पडले, पाच वेळा.

केंद्रातल्या बाई म्हणाल्या, "छान बसतात हो हे. स्टुलावर बिनटेक्याचे बसवते मी, दोन्ही बाजूंनी ढकलून बघते, हलत नाहीत." खोटं कशाला बोलतील बिचाऱ्या! पण बाई, तुमचं स्टूल वळण घेत नाही.

२१ जानेवारी, शनिवार

टायरवाल्याकडे चाकं सरळ करून आणली. तो म्हणाला, "काकू, फार डोकं चालवू नका. चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापतो, गाडी खाली बसेल, कलणं बंद. तासाभराचं काम." स्वस्तही होतं. मी हो म्हणणार, तेवढ्यात यांनी गाडीतून डॅशबोर्डवर डावा हात आपटला. धाडकन. पुन्हा. पुन्हा. चेहरा लालभडक. टायरवाला कटर हातात घेऊन तसाच उभा.

नाही कापल्या. संध्याकाळी भावजींना फोन केला तर म्हणाले, "वाचलात. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागा सोडते, गाडी वळणावरून उडाली असती." म्हणजे डोकं शाबूत आहे यांचं. सगळं कळतं आत. मग मला जास्तच भीती वाटली. सगळं कळतंय आणि सांगता येत नाही, हे कसं सहन करत असेल माणूस.

२५ जानेवारी, बुधवार

दुपारी गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरून गाडीखाली पहिल्यांदा गेले. जुनी बुशं बघितली. भावजी बरोबर बोलले होते, रबर भाकरीसारखं चिरलेलं.

वर आले, साबणाने तीनदा हात धुतले. वास जात नाही.

हा वास! लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. अकरा वर्षांपूर्वी कामाचा ताण होता, लेकीच्या फीची घाई होती, मी थकले होते. हे जवळ आले आणि मी म्हटलं, "तुमच्या अंगाला ऑइलचा वास येतो. शिसारी येते मला. तिकडे झोपा." एवढंच. दुसऱ्या दिवशी यांनी पलंग गॅरेजच्या पुढच्या खोलीत नेला. मला वाटलं, चार दिवस रुसतील. चाराचे आठ झाले, आठाची अकरा वर्षं. मी कधी 'या' म्हटलं नाही, हे कधी आले नाहीत. जेवताना मात्र हात कोपरापर्यंत घासून यायचे. ताट घेताना बोटाला बोट लागणार नाही असं घ्यायचे.

दोघांपैकी कुणी एक जरी कमी हट्टी असतं तर.

२ फेब्रुवारी, गुरुवार

आज थोडक्यात वाचलो.

पाचवं डावं वळण, जिथे कठडा तुटलाय आणि उजवीकडे सरळ दरी. हे पडले. नेहमीसारखं नुसतं डोकं नाही. चांगला डावा हात आडवा आला आणि स्टेअरिंगवरच्या माझ्या हातावर पडला. घट्ट. मी दचकले, स्टेअरिंग फिरलं, गाडी मधली रेघ ओलांडून पलीकडे. समोरून ट्रक. त्याने कसा वाचवला त्यालाच माहीत. तुटक्या कठड्यापासून हातभर अंतरावर थांबलो.

मी ओरडले. "मरायचंय का तुम्हाला? मरायचंय तर एकटे मरा, मला कशाला सोबत नेता?"

यांनी हात काढून घेतला. असं बघितलं माझ्याकडे — नाही लिहिता येत.

केंद्रात नेलं तरीही. खाडा परवडणार नव्हता.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, खरं सांगू? बाबा कंटाळलेत. मागच्या आठवड्यात फोन कानाला लावला तर नुसते रडत होते. त्यांना पुढे बसवू नकोस. मुद्दाम करत असतील."

मुद्दाम. दिवसभर तोच शब्द. पट्टी का सोडली? पडायचं ते नेमकं माझ्या हातावरच का? मी यांना जगवायला टेकडी उतरतेय आणि हे खाली उडी मारायला बघतायत? आणि तसं असेल तर चूक कुणाची? अकरा वर्षं एकट्या पलंगावर झोपवलेल्या माणसाला जगण्याची हौस कुठून असणार!

नाही. गाडी कलते म्हणून पडतात. हात आधारासाठी आला असेल. गाडी सरळ केली की प्रश्नच नाही. गाडी सरळ करायची.

४ फेब्रुवारी, शनिवार

भंगारवाल्याकडे आमच्याच गाडीच्या मोठ्या भावाचा, म्हणजे वरच्या मॉडेलचा, अँटी-रोल बार मिळाला. आपल्या जुन्यापेक्षा बोटभर जाड. त्याच्या टेम्पोच्या सीटा फाटल्या होत्या. त्या शिवून द्यायच्या, बदल्यात दांडा. सगळा दिवस सुई चालवली. बोटं फुटली.

७ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी जॅकवर चढवली, चाकं काढली, दांडा बसवला, नवी बुशं दाबून घातली. यांना खुर्चीत बसवलं होतं, खड्ड्याच्या कडेला. सगळं ठीक चाललं होतं. शेवटी बोल्ट आवळायला घेतले आणि हे सुरू झाले. डावा तळवा पालथा करून हवेत खाली दाबतात. पुन्हा पुन्हा. तोंडाने 'हं, हं'. मला वाटलं, सावकाश म्हणतायत. मग वाटलं, बस म्हणतायत. शेवटी खुर्ची हलायला लागली तशी मी खेकसले, "हो, कळलं! तुमच्याशिवाय जगात कुणाला काही येत नाही!"

यांनी हात खाली घेतला. मग बघितलंही नाही.

मी मात्र सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले. शिवणकामात हेच शिकलेय: सीटचं कव्हर कुणी बसायच्या आधी ताणून आवळायचं, नाहीतर पहिल्याच माणसाच्या वजनाने सुरकुत्या पडतात. मग चाकं लावली, गाडी खाली घेतली. झालं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

एकदाही नाही पडले! सातही वळणं. तुटका कठडासुद्धा.

गाडीच्या पुढून कुईकुई आवाज येतो. नवं रबर आहे, बसेल हळूहळू.

बघा, होती ना गाडीचीच चूक. लेकीला लगेच फोन करून सांगितलं.

१३ फेब्रुवारी, सोमवार

आजही नाही. यांनी डाव्या हाताने दारावरची कडी धरली होती, जाताना आणि येताना. बोटं पांढरी पडेपर्यंत. तोंड खिडकीकडे. मी दोन-तीन गोष्टी बोलले, 'हं'सुद्धा नाही.

बाई म्हणाल्या, आज हात उचलायला तयार नव्हते, काय झालंय?

कुईकुई वाढलीय. आता कण्हल्यासारखी येते.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरा खाडा.

तिसऱ्याच वळणावर पुढच्या चाकाखाली काहीतरी तुटलं. खाडखाड आवाज, स्टेअरिंग एकीकडे ओढतंय. टोचन लावून, ओढत परत आणली. केंद्रात फोन करत होते, कुणी उचलला नाही. दोन तासांनी उचलला, तर म्हणे वेळ संपली.

माझ्या हाताने.

१९ फेब्रुवारी, रविवार

भावजी खड्ड्यात उतरले, टॉर्च मारला आणि बराच वेळ वर आले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, बोल्ट हवेत आवळलेत तुम्ही. चाकं लोंबत असताना."

"मग?"

"गाडी खाली घेतली की ते रबर जागच्या जागी पिळलं जातं. दिवसभर, उभ्या गाडीतही पिळलेलंच. आणि हे रबर स्वस्तातलं, फाटलं आठवड्यात. हे बोल्ट सैल ठेवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, पूर्ण वजन पडू द्यायचं आणि मग शेवटचा आवळ द्यायचा. यांचा नियमच होता. कुणी हवेत आवळलं तर पाना फेकून मारायचे."

मी यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे बघत होते.

तळवा पालथा, खाली, खाली. गाडी आधी खाली घे, म्हणत होते. तोंड नाही तर हाताने सांगत होते, आणि मी खेकसले. सांगितलेलं समजून घ्यायची सवयच नाही मला. स्वतः बोलायची तेवढी आहे.

२० फेब्रुवारी, सोमवार

टॅक्सी करून केंद्रात गेलो. टेबलावरच्या माणसाने नुसता भिंतीकडे अंगठा केला. तांबडी अक्षरं. बाई मात्र बाहेर आल्या. म्हणाल्या, "मी वर बोलते. सहा मार्चपर्यंत कळेल. तोवर आणत राहा, मी घेते त्यांना."

मागच्या सीटवर दोघं शेजारी बसलो होतो. टॅक्सी खूप जोरात वळत होती. हे कडी धरून ताठ.

२६ फेब्रुवारी, रविवार

नवी बुशं. या वेळी खड्ड्यात मी, कडेला यांची खुर्ची. भावजींना म्हटलं, तुम्ही नुसते उभे राहा.

बोल्ट सैल ठेवले. गाडी चारही चाकांवर उभी केली. तरी यांचा तळवा खालीच. आणखी काय? भावजी म्हणाले, "माणसांचं वजन पण. यांची पद्धत." मग भावजींनी यांना उचलून यांच्या जागी बसवलं आणि स्वतः ड्रायव्हरच्या जागी बसले. मी खालून हाक मारली, "आवळू?"

वरून आवाज आला. "हं."

आवळले. एकेक, सावकाश. प्रत्येकाआधी विचारलं, प्रत्येकाला 'हं' आलं. किती वर्षांनी या घरात मी काही विचारलं आणि उत्तर आलं. खड्ड्यातच थोडं रडून घेतलं, वर येताना तोंड पुसलं. पुसलं कसलं, सगळं काळं फासून घेतलं. भावजी हसले. हे नाही हसले, पण बघत होते.

२ मार्च, गुरुवार

सातही वळणं ताटासारखी सपाट. आवाज नाही, ओढणं नाही. भावजी सोबत आले होते, म्हणाले, "डेपोतल्या इंजिनिअरला जमलं नसतं."

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझा डावा खांदा सगळा रस्ता रिकामा रिकामा वाटत होता. हे कडी धरून बसले होते, माझ्यापासून जेवढं लांब बसता येईल तेवढं. एवढ्या छोट्या गाडीत.

६ मार्च, सोमवार

नाव कापलं. बाईंनी व्यायामाचे कागद दिले. "घरी करा. मला माफ करा," म्हणाल्या.

यांना गाडीत बसवलं, वळसा घालून माझ्या जागी आले. किल्ली फिरवली नाही. हात स्टेअरिंगवर ठेवून नुसती बसून राहिले. नखांत काळं, तळव्यांना ऑइलचा वास, महिनाभर घासतेय तरी जात नाही. म्हटलं, "अहो, मीच घालवलं सगळं. तेव्हाही मीच."

यांनी कडी सोडली. हळूहळू कलले. डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. मग तो चांगला हात आडवा आला, त्या दिवशी आला होता तसाच, आणि माझ्या काळ्या हातावर येऊन घट्ट बसला.

वळण नव्हतं. गाडी उभी होती.